टायरावरचा हिरवा रंग

कृष्णात एजंटाकडून कालच घेतलेली जुनी मोटार नावावर करायला नृसिंह मास्तर ती घेऊन आरटीओ कचेरीच्या आवारात आले होते. शेजारी तसलीच एक गाडी लागली होती. तिच्यातलं बोलणं कानावर आलं.

"इंजान झकास हाय, मग पासिंगला नापास कशी झाली?"

"टायर गुळगुळीत."

"दिवाळीत नवं घातलंतंस की!"

"कृष्णात एजंटानं नेलं. असल्याच एका गाडीला, पासिंगपुरतं म्हनला."

"मग माग की माघारी."

"काल गाडीच इकली त्यानं, टायरासकट!"

"आता वळखनार कसं?"

"म्होरल्या डाव्या टायरावर हिरवा रंग सांडलाय, दार रंगवताना."

मास्तरांनी आपल्या गाडीच्या पुढच्या डाव्या टायराकडं पाहिलं. धोतराचा सोगा सोडून ते टायरापुढं उभे राहिले.

"पावणं, उन्हात का? सावलीला या की."

"नको, इथंच बरं आहे."