ओढ्याकाठची गाजरं

पोरीची नखं? कापतो ना सिस्टर, दर रविवारी — म्हणजे तिची आई कापते. संडास घरात, पाणी उकळून — लिहा, उकळून. मैल्याचा टँकर चालवतो म्हणून काय झालं? कपडे बाहेर काढतो, आंघोळ केल्याशिवाय पोरीला हात लावत नाही मी. शेजारी हसतात, म्हणतात, नवरदेव निघाला!

काल उलटी झाली तिला, त्यात तो जंत — वीतभर, पांढुरका, वळवळत होता. लोकांचे सेप्टिक टँक उपसण्यात जन्म गेला माझा, किळस कशाची ती नाही, पण तिला उचलून अनवाणीच पळत आलो हो. पोट तर नुसता दगड. डॉक्टर म्हणाले, आतडं तुंबलेलं, ऑपरेशन करून जंतांचा अख्खा गुंता काढला, आता धोका नाही. नाही ना? तुम्ही सांगा, नाही ना? तिची आई बसलीय आत उशाशी, मला काही आत जाववत नाही.

कच्चं? कच्चं काय खाणार — गाजरं. जीव टाकते गाजरांवर. ओढ्याकाठच्या मळ्यात आईबरोबर जाते, तिथंच उपटते, फ्रॉकला पुसते की तोंडात. किती वेळा सांगितलं बायकोला, त्या मळ्यातलं आणू नकोस! का म्हणजे — असंच. माती बरी नाही तिथली. मला कसं ठाऊक? मला...

मैला शुद्ध करायचा प्लांट लांब आहे हो. तिथं टँकर रिकामा करायचा तर दोन-दोन तास रांग. मळेवाला म्हणाला, इथंच सोड, खत होईल. दोन वर्षं सोडतोय, दिवसाढवळ्या, कुणी हटकलं नाही. वाटलं, मातीत गेलं की मातीच होतं. तुम्ही आत्ता म्हणताय, जंतांची अंडी मातीत वर्ष-वर्ष जगतात — मला कुणी सांगितलं होतं का हे?

हे लिहू नका. पाया पडतो. नोकरी गेली तर जाऊ दे, पण बायकोला कळलं तर ही माझं तोंड बघायची नाही. हिनं स्वतःच्या हातानं भरवलीत सिस्टर, ती गाजरं —

थांबा. आज वार कोणता? मंगळवार? मंगळवारी बालवाडीत गाजराच्या चकत्या देतात. कच्च्या. त्याच मळ्यातून जातात, मी पाहिलीय टोपली. चाळीस पोरं आहेत हो तिथं!

किती वाजले? बारा? साडेबाराला ताटल्या मांडतात. लिहा, सगळं लिहा, माझं नाव, टँकरचा नंबर — नाही, ते मागाहून. आधी फोन करा. माझ्याकडे काय बघताय? उठा, सिस्टर! पळा!