अब्बांची अकरा पत्रे आणि हुझैफाचे नाव

पुरवणी जबाब, दि. १९/०२/२०२५

नाव शहरबानू नजमुद्दीन हजवाने, वय ४६ वर्षे, शिक्षण बी.ए., धंदा अर्धवेळ ग्रंथपाल, रा. दिघी, ता. श्रीवर्धन, जि. रायगड.

मी कोणी न बोलावता ठाण्यात हजर राहून सांगते की, वरील पत्त्यावर मी, माझी आई हलिमा, वय ७४, धाकटा भाऊ हुझैफा, वय ३८, व त्याची पत्नी इनशा असे राहतो. माझे वडील नजमुद्दीन हे लंडनला राजवाड्यात चांदीची भांडी पुसण्याच्या कामावर एकवीस वर्षे होते. ते २०१९ साली वारले. त्या राजघराण्यातील एका वयस्क बाईंनी त्यांना लिहिलेली अकरा पत्रे, एक हातरुमाल आणि शाही लग्नातल्या केकच्या तुकड्याची टिनची डबी आमच्या लोखंडी कपाटात होती. पत्रांत मोठे काही नव्हते. कुत्र्याचे दुखणे, चमच्यांची चौकशी, आमच्याकडे नारळ कसे धरलेत, असेच.

दि. ९ रोजी सकाळी अकराच्या सुमारास मी कपाट उघडले असता पत्रे दिसली नाहीत. डबी व रुमाल जागेवर होते. मुंबईचे एक संग्राहक पत्रे पाहायला येणार होते. पत्रे विकावीत असे हुझैफाचे म्हणणे होते, माझी तयारी नव्हती. त्यावरून आदल्या आठवड्यात आमचे वाजले होते. तेव्हा तो म्हणाला होता, "तू बस त्या कागदांची राणी होऊन, आपा. मी चाललो कतारला."

दि. १० रोजी मी येथे तक्रार दिली व हुझैफाला कपाटातून पिशवी काढताना पाहिले असे सांगितले. मी रोज डायरी लिहिते. दि. ८ ची नोंद मी काल परत वाचली. तीत एवढेच आहे, की हुझैफा पिशवी घेऊन जेट्टीकडे गेला. पिशवी अम्मीची होती. तो तिला लाँचवर बसवायला गेला होता, हे मला माहीत होते. कपाटाचे मी नंतर जोडले. का जोडले, असे साहेबांनी विचारले. मला नीट सांगता येत नाही. खोटे बोलते आहे असे त्या वेळी वाटले नव्हते.

अम्मी दि. ८ रोजी आगरदांड्याच्या लाँचने मुरुडला मावशीकडे गेली, ती काल परत आली. पत्रांचे विचारल्यावर म्हणाली, "ती खतं? रमझान जवळ आला, वाळवी लागलेली. मी ठंडी केली." अल्लाचे नाव लिहिलेले जुने कागद आमच्यात कचऱ्यात टाकत नाहीत, पाण्यात सोडतात. त्याला ठंडे करणे म्हणतात. अब्बा प्रत्येक पत्र घरी पाठवताना त्याच्या मागच्या बाजूला अम्मीसाठी उर्दूत चार ओळी लिहीत, सुरुवातीला बिस्मिल्ला. अम्मीला इंग्रजी येत नाही. इतकी वर्षे ती मागची बाजूच वाचत होती. मी म्हटले, "अम्मी, ती राजघराण्याची पत्रं होती." ती म्हणाली, "माझ्या नवऱ्याची होती. त्या बाईंना काय करायची?"

लाँचवर तिकिटे देणारे सुजित भोईनकर यांना मी आज सकाळी भेटले. अम्मीने भर खाडीत गाठोडे सोडल्याचे त्यांनी पाहिले आहे. ते म्हणाले, "मी बोललो पण, चाची, पार्सल टाकलंत, पत्ता घातलात काय? तर म्हणाल्या, पोचतंय, तू तिकिटं फाड."

तरी चोरी झालेली नाही. हुझैफाला दि. ११ व १२ रोजी येथे बसवून ठेवले होते. तक्रारीमुळे त्याचा कतारच्या नोकरीसाठीचा पोलीस दाखला थांबला. रुजू होण्याची तारीख १७ होती. कंपनीने दुसरा माणूस घेतला, असे मला इनशाकडून समजले. हुझैफा माझ्याशी बोलत नाही. तो पुन्हा दाखला मागेल तेव्हा त्याच्या नावापुढे काही निघू नये, अशी माझी विनंती आहे. चुकीच्या तक्रारीबद्दल माझ्यावर जी कारवाई होईल ती मला मान्य आहे.

हा जबाब संगणकावर टंकलेला असून मला वाचून दाखवला. माझ्या सांगण्याप्रमाणे तो बरोबर आहे. दि. १० चा जबाबही असाच वाचून दाखवला होता आणि तोही बरोबर आहे म्हणून मी सही केली होती. म्हणून हा मी स्वतः आणखी दोनदा वाचला.