गुडघ्याखाली, पुढच्या बाजूला

...न्हाय न्हाय, तुमी हसा की. सगळी गल्ली हसतीया मला, तुमी काय परकं हाय व्हय? पर लाज वाटती हो, तुम्हाला सांगतो, ह्या वयात लाज वाटती.

मी केरबा. कागलच्या एमआयडीसीत तीस वर्सं मशीनम्होरं उभारलो, रिटायर झालो आनि पेपरातल्या शब्दकोड्याचा नाद लागला. रोज भरलेलं कोडं घिऊन सलूनात जायचं, सगळ्यास्नी दाखवायचं, आनि लोक म्हननार, "केरबातात्या म्हंजे डोकं हाय!" आता डोकं कुनाचं? आमच्या बायडाबाईचं. मी सैपाकघराच्या दारात पेपर घिऊन उभा. "नाकाच्या खाली, ओठाच्या वर, दोन अक्षरी?" ती भाकरी थापता थापता, "मिशी. तुमाला असून कळंना व्हय?" मी लिहिनार, आनि सलूनात जाऊन तीच मिशी पिळनार. लाज वाटती हो.

तर गनपतीत आमच्या गल्लीच्या तालीम मंडळानं स्टेजवर कोड्याची स्पर्धा ठेवली. भला मोठा फळा, चौकटी आखलेल्या, माईकवर मंडळाचा पोरगा विश्वजित. विषय काय, तर शरीराचे अवयव. म्हटलं, अवयव घरनंच आनल्यात, भ्यायचं कशाला? पयला प्रश्न, "तळहाताच्या वर, कोपराच्या खाली, चार अक्षरी." डोकं कोरं. बघतो तर तिसऱ्या रांगेत बायडाबाईनं बांगड्या मागं सारून मनगट धरलेलं. लिहिलं. टाळ्या. दुसरा, "ओठाच्या खाली, गळ्याच्या वर." बाई हनुवटीला हात लावून इचारात बसलेली. लिहिलं. शिट्ट्या, हलगी... मी बक्षिसाच्या फेट्याला डोकं द्यायच्या तयारीत.

तिसरा. "गुडघ्याच्या खाली, पुढच्या बाजूला, तीन अक्षरी." आता म्होरं दोन रांगा खुर्च्या, गुडघ्याखालचं दिसनार कसं? तर ही बया कडेला सरकली, मधल्या वाटंत पाय लांब केला आनि लागली की चोळायला! विश्वजित माईकवर, "काकू, पाय आत घ्या, आरतीचं ताट न्यायचंय तिथनं." मांडव हसला. "काय तात्या, काकू सांगत्यात व्हय?"

व्हय म्हनायचं की न्हाय? एवढंच म्हनायचं हुतं. म्या काय म्हटलं, ठावं हाय? सगळ्या गल्लीम्होरं, माईकवर, "ती चौथी शिकलीया, तिला काय कळतंय?"

तिनं पाय आत घेतला. पदर नीट केला. उठून गेली बी न्हाय.

म्या लिहिलं, पोटरी. विश्वजित माईकवर, "तात्या, पोटरी मागं असती, पुढं नडगी!" हसून हसून खुर्च्या पडल्या. त्याचं काय न्हाय हो. पर रोज सांजंला माझं पाय कोन चोळतंय? तीच की. "पोटरीत गोळा आलाय, नडगी सुजलीया," हे रोज बोलती आनि मी पेपर वाचत बसतो. पाय माझं, आनि ठावं तिला. लाज वाटती हो, तुम्हाला सांगतो.

घरी आलो तर तेलाची वाटी माझ्याम्होरं ठेवली. आवाज चढवला न्हाय, काय न्हाय. "अवो, तुमचं तुमीच लावा आता. मला काय कळतंय?"

आठ दिस झालं. तेल गरम करून देती, त्यात कसूर न्हाय. पायाचं कसंबसं जमतंय माझं मला. पर परवापास्नं पाठ धरलीया... तितं हात पोचत न्हाय, आनि तिला सांगायला तोंड न्हाय.