कोळी जिवंत असतो

...नाही, हसू नका, तुम्हाला सांगतो, हल्ली साधी माशी कानाशी गुणगुणली तरी माझ्या अंगावर काटा येतो, आणि मी प्राणिशास्त्राचा एम.एस्सी. आहे हो! कारण काय, तर दुसरीचा धडा. 'अंडी घालणारे प्राणी'. कोंबडी, पाल, मासा, फुलपाखरू... फळ्यावर लिहायचं, पोरांकडून म्हणवून घ्यायचं, संपलं! पण मी पडलो काटेकोर. गुजरातेत पांडेसऱ्यातली मराठी शाळा, पोरं खानदेशची, बोलणार अर्धं गुजराती, म्हटलं यांना प्रत्यक्ष पाहिलेलं उदाहरण द्यावं. म्हणून सांगितलं, की माझ्या खोलीत, पदवीच्या फ्रेमवर, कुंभारीण माशीनं मातीचं घर बांधलंय आणि त्यात बहुधा अंडं असावं. बहुधा! मी फक्त शक्यता सांगितली होती.

तर मागून एक आवाज, 'सर, बच्चुं नीकळशे तो शुं खाशे?'

आता काय खाणार हे मला ठाऊक असताना खोटं कसं सांगू? सांगितलं. माशी कोळी पकडते, नांगी मारते, पण ठार करत नाही, नुसता लुळा करते, त्याच्यावर अंडं घालते आणि वरून मातीनं तोंड लिंपून टाकते. अळी बाहेर आली की तिला कोळी मिळतो. ताजा.

एरवी घंटेलाही न ऐकणारी पोरं बाकांवरून पुढे झुकली! मग पहिल्या बाकावरची मयुरी अगदी हळू म्हणाली, 'सर, कोळीला समजत असेल का? की आपल्याला खाऊन राहिले म्हणून?'

तुम्ही सांगा, काय उत्तर द्यायचं? म्हटलं, 'निश्चित सांगता येत नाही, पण... शक्यता आहे.'

झालं! पोरं विसरली, डबे उघडून बसलीसुद्धा, आणि मी? घरी येऊन फ्रेमकडे तोंड करून जेववेना, आणि पाठ करून तर त्याहून जेववेना! भिंतीपलीकडे कापडाच्या लूमची खटखट चालू, आणि त्या खटखटीत मला चावण्याचा आवाज... अळीला तसा आवाज नसतो, हे मला माहीत आहे, परीक्षेत लिहिलंय मी! पण तो कोळी आत असतो ना. अंधारात. न हलता. ऐकत.

आणि ही मयुरी कोण? माझ्या घरमालकीण प्रमिलाबाई, त्यांची नात. तिनं घरी जाऊन कोळी सांगितलाच नाही! नेमकं तेवढं गाळून सांगितलं, 'सरांच्या खोलीत कुंभारणीनं घर केलं.' प्रमिलाबाई साडीला टिकल्या चिकटवत बसल्या होत्या, त्या गोंदाच्या हातानंच जिना चढून वर. 'सर! हात नका लावू तिले! देवीनी धाडेल शे ती!'

कुंभारणीनं घर केलं की त्या घरात पाळणा हलतो, अशी समजूत. पाळणा! माझ्या खोलीत! मी अविवाहित माणूस! पण प्रमिलाबाईंचा हिशोब वेगळा होता. धाकटी सून सुषमा, लग्नाला वर्षं झाली, मूल नाही, दवाखाने झाले, नवस झाले. ती सासूच्या मागे उंबऱ्यात उभी. फ्रेमवरच्या त्या मातीच्या ढेकळाकडे अशी बघत होती... माझ्या पदवीकडे तसं कुणी बघितलं नाही हो. मग मला म्हणाली, 'सर, तुम्ही शिकेल माणूस शेतस. खरं सांगा. व्हई ना?'

माशीचं घर आणि मूल, दोन्हींचा काहीही कार्यकारणसंबंध नाही. एवढं एक वाक्य! जिभेवर होतं! पण ते डोळे... मी चष्मा पुसला आणि म्हटलं, 'तशी शक्यता नाकारता येत नाही.'

दुसऱ्या दिवशी शाळेतून येतो तर माझ्या खोलीत सुषमा आणि तिचा नवरा नितीन यांचा संसार मांडलेला! 'तुमनं सामान जिनाखाले ठी दिनं, सर,' प्रमिलाबाई म्हणाल्या, 'थोडाच दिवस.' जिन्याखाली! मध्ये माझी गादी, तिन्ही बाजूंनी साड्यांचे गठ्ठे, मान वर केली की पायरी. म्हटलं, माशी बाहेर पडेल, घर रिकामं होईल, खोली परत मिळेल. आणि महिना-सव्वा महिन्यानं पडली हो माशी बाहेर! मातीला गोल भोक! मी धावत वर गेलो, तर सुषमा मोरीपाशी ओकाऱ्या काढतेय आणि प्रमिलाबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत हसतायत! मला बघून म्हणाल्या, 'सर, तुमनाच शब्द खरा व्हयना!' अहो, माझा कसला शब्द? मी फक्त शक्यता सांगितली होती!

आता बाळंतपण होईपर्यंत तिला हलवायचं नाही. नंतर बारसं. नंतर बाळाला जागा नको? आणि काल प्रमिलाबाई ताट घेऊन आल्या, गरम भाकरी, वर तूप, म्हणाल्या, 'पोट भरी जेवा सर, सुकी नका जावा. बाळ मोठं व्हयनं म्हणजे तुम्हीच शिकाडा त्याले. घरना घरमा मास्तर!'

...ताजा ठेवतात हो मला.

त्यांनी जाताना शेवटचा गठ्ठा जिन्याखालच्या जागेच्या तोंडाशी सरकवला. अंधार झाला. मयुरी बाहेरून कान लावून विचारत होती, 'सर, तुम्ही आत आहात ना? समजतंय ना तुम्हाला?'

मी हललो नाही. म्हटलं, 'शक्यता आहे.'