माइकवाल्याचा माइक गेला

…नाही, मला एवढंच सांगा, एवढ्याशा फोनला इतकी भोकं हवीत कशाला? वर भोक, खाली भोकं, कडेला भोक, फोन आहे की चाळणी? बरं, पाडलीत तर पाडलीत, पण बाबांनो, शेजारी लिहा तरी, हे कशाचं नि ते कशाचं! आमच्या बसस्थानकात झाडूच्या खोलीवरसुद्धा पाटी आहे हो, ‘झाडूची खोली’… येतंय ना ऐकू? मागे? बरं. विचारून घ्यायची सवय आहे. तुम्हाला सांगतो, माझा धंदाच बोलायचा. बसस्थानकावर ‘प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे’ असं जो सांगतो ना, तो मी. काचेच्या खोलीत बसायचं, माइक पुढे ओढायचा आणि प्रत्येक गोष्ट दोनदा सांगायची. उलट कोणी बोलत नाही, आणि बोललंच तर काचेतून ऐकू येत नाही. सुखाची नोकरी! बायको म्हणते, ‘तुम्ही घरीसुद्धा काचेतच असता.’ असो.

तर मला सिम बदलायचं होतं. नवी कंपनी, नवं सिम. आता तो सिमचा कप्पा उघडायला एक बारीक तार मिळते फोनच्या डब्यात. ती तार गरज पडली तेव्हा आजवर कोणाच्या घरात सापडलीय? करा बरं हात वर… बघा! मग घेतली टाचणी. खालच्या कडेला एक भोक दिसलं, घातली. उघडेना. दाबली. उघडेना. मी काय हार मानतोय? अंगठा लावून रेटली आणि कट्ट! असा गोड आवाज आला म्हणून सांगू, वाटलं जिंकलो. कप्पा जागच्या जागी! तेवढ्यात लेक आली, म्हणाली, ‘बाबा, ते नाही, हे,’ आणि कडेच्या भोकाला टाचणी टेकवते न टेकवते तोच कप्पा बाहेर. मी विचारलं, ‘मग मी घातली ते कशाचं?’ तर खांदे उडवून म्हणते, ‘असेल काहीतरी.’ असेल काहीतरी!

दुसऱ्या दिवशी साहेबांना फोन लावला. ‘हॅलो? हॅलो? अहो, कोण बोलतंय?’ मी बोलतोय, साहेब! ‘हॅलो?… काय कटकट आहे सकाळी सकाळी!’ ठेवला. मित्राला लावला, ‘हॅलो… हॅलो… अरे बोल की लेका!’ त्यानेही ठेवला. मी म्हटलं, नेटवर्क. नवी कंपनी आहे, रुळायला वेळ लागेल. आपण समजूतदार माणूस… येतंय ना ऐकू? बरं.

आता खरी गोष्ट. माझी ताई, थोरली बहीण, वर्षभर माझा फोन उचलत नव्हती. का? तर म्हणे, ‘तू कधी ऐकून घेत नाहीस.’ मी? अहो, ती हे सांगत होती ना, तेव्हा मी तिला तिथल्या तिथे थांबवून चांगलं तासभर समजावलं की मी ऐकून घेतो! तर तिने फोन आपटला. तेव्हापासून अबोला. तिचा. माझा कसा असेल?

आणि त्यात निघालं आईचं डोळ्याचं ऑपरेशन, तारीख गुरुवारची. डॉक्टर म्हणाले, आणखी लांबवाल तर डोळा हातचा जाईल. आणि आईने काढलं फर्मान, ‘माझी दोन्ही पोरं बाहेर बाकावर शेजारी शेजारी बसलेली दिसली तरच मी आत जाईन. नाहीतर दिसतंय तेवढं पुष्कळ आहे.’ बायकोने ताईला कळवलं. ती म्हणाली, ‘एकदा, फक्त एकदा त्याचा फोन घेईन. मध्ये बोलला की ठेवीन, आणि मग गुरुवारी यायचीही नाही.’ म्हणजे बघा, आईचा डोळा माझ्या जिभेवर येऊन बसला!

बायकोने बजावलं, ‘तोंडातून चकार शब्द काढू नका.’ मी म्हटलं, कळतं मला, लहान आहे का? गच्चीत गेलो, रेंज बघितली, भरपूर. लावला. ताईने उचलला! म्हणाली, ‘मध्ये बोलू नकोस. आधी माझं ऐक.’ मी म्हटलं, ‘अगं ऐकतोच आहे की, पण मी काय म्हणतो…’ निसटलं हो! जीभच ती. म्हटलं, संपलं, गेला आईचा डोळा… पण छे! ताईने फोन ठेवला नाही. बोलतच राहिली. मी म्हटलं, वा, निवळली की ही! मग काय, मी सुटलो. ती म्हणाली, ‘आईच्या घराला रंग लावलास, मला विचारलंस?’ मी म्हटलं, तू फोन उचलला असतास तर विचारलं नसतं का? ती म्हणाली, ‘लहानपणापासून माझं वाक्य तूच पुरं करतोस.’ मी म्हटलं, तू अर्धवट सोडतेस म्हणून! एकेक मुद्दा खोडला तुम्हाला सांगतो, एकही सोडला नाही, आणि ती बाई शांतपणे पुढे. इतका छान वाद आमच्यात कधी झाला नव्हता… येतंय ना ऐकू?

मग ती म्हणाली, ‘हे आजारी पडले तेव्हा मी तुला फोन केला होता. तू मला कुठला डॉक्टर, कुठली गाडी, ती कुठल्या फलाटाला लागते, सगळं सांगितलंस.’ मी म्हटलं, मग? फलाट बरोबर होता की नाही? तर म्हणते, ‘मला गाडी नको होती रे. मला नुसतं म्हणायचं होतं की मला भीती वाटतेय.’

तिथे मात्र मी गप्प झालो. खरोखरचा. वाईट वाटलं हो, खोटं कशाला सांगू? आणि पलीकडे ताई रडायला लागली, ‘एवढी बोलले, तू एका शब्दाने मध्ये आला नाहीस. किती बदललास रे! येते मी गुरुवारी.’ एका शब्दाने? अहो, घसा बसला होता माझा!

फोन दुरुस्तीच्या दुकानात नेला. दुकानदाराने भिंग लावून बघितलं. ‘माइक गेलाय. टाचणी घातलीत?’ मी म्हटलं, घातली असेल कोणीतरी. ‘देतो लगेच बदलून,’ म्हणाला, तर बायकोने फोन उचलून पर्समध्ये टाकला. ‘राहू द्या. चांगला चाललाय.’ आणि रस्त्यात मला दम, ‘ताईंना यातलं अक्षर कळता कामा नये.’

गुरुवारी आली ताई. बाकावर माझ्या शेजारी बसली. आईने दोघांना बघून घेतलं आणि मुकाट आत गेली. लगेच ताईने माझा हात धरला आणि सुरू केलं. गुडघा, सासूबाई, वरच्या मजल्यावरचं गळकं पाणी… आता इथे कुठलं नेटवर्क आणि कुठली टाचणी? प्लंबर मला माहीत होता हो, चांगला, स्वस्त! तोंड उघडलं, तर समोरून बायकोचे डोळे. मिटलं. पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं. तुम्हाला सांगतो, नोकरीत इतका दमलो नाही कधी.

शेवटी आईला बाहेर आणली. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्याने पूर्वीपासून धूसर. चाचपडत माझ्या शेजारी बसली, माझा दंड दाबून बघितला आणि ताईला विचारते, ‘हे कोण गं सद्‌गृहस्थ?’ ताई म्हणाली, ‘अगं, असं काय करतेस? तुझा मुलगा!’ आई म्हणाली, ‘उगीच काहीतरी! तो कुठे गेलाय ते बघ आधी. तो असता तर एव्हाना बोलला नसता का?’

आता बोलावं तर ताई जाते आणि गप्प बसावं तर आई ओळखत नाही… बसलोय झालं, सद्‌गृहस्थ म्हणून.