काकाजीच्या बोटीचं गळकं इंजिन

आमच्या काकाजीच्या मासेमारीच्या बोटीला जुनं टू-स्ट्रोक इंजिन आहे ना, पेट्रोलात थोडं ऑइल मिसळून चालणारं, त्यातून मागच्या वर्षी ऑइल गळायला लागलं. बोट जाईल तिथं तलावाच्या पाण्यावर तेलाचा तवंग. बाकीचे मासेमार भडकले. "काकाजी, इंजिन सुधरवा, नाहीतर बोट तलावाबाहेर काढा!"

काकाजीचं पोटच त्या तलावावर. आम्ही दोघांनी इंजिन खोललं, सगळे सील बदलले, नट कसले. चालवून पाहिलं, तर काळं ऑइल तसंच गळून राहिलं! काकाजी डोक्याला हात लावून काठावर बसले.

तेवढ्यात काकू जेवणाचा डबा घेऊन आली. इंजिनाकडे बघून म्हणाली, "असं कसं झालं? म्या तर रोज न चुकता पेट्रोलात ऑइल मिसळलं."

काकाजी ताडकन उठले. "तू काऊन मिसळलं?"

"तुमाले आठवण राहत नाही म्हणून. घरूनच मिसळून देत होती."

"अवं, मी इथं येऊन पुन्हा टाकत होतो ना! दुप्पट ऑइल जळंल कसं? न जळलेलं सायलेन्सरातून गळून राहिलं! मले सांगता नाही आलं?"

काकू शांतपणे डबा उघडत म्हणाली, "सारं इंजिन खोललं तुमी. एकदा तोंड खोललं असतं तर?"