ओळखू येत नाही ते सोडून दे

यार्क्को: …म्हणून म्हणतो, माहितीपानांतलं तुझं ते कोनी कंसांचं जंगल आता तोडायचं. संध्याकाळी गटाचं मतदान आहे, केर्टू. 'हो' म्हण आणि मोकळी हो.

केर्टू: हळू बोल. बाळ आत्ताच झोपलंय बाल्कनीत. आणि जंगल काय रे? उघडा कंस, मजकूर, बंद कंस. इतकी वर्षं त्याच्यावरच तर चाललंय सगळं.

यार्क्को: चाललंय कुठलं, रखडलंय! गेल्या वर्षभरात तुझ्या-माझ्याशिवाय कुणी एक ओळ तरी लिहिली का आपल्या माहितीपानांत? केमी गावची ती नर्स आठवते? बिचारीने चार चुका काढून ईमेल केली. तू तिला काय पाठवलंस?

केर्टू: डॉकबुकमध्ये, म्हणजे आपल्या या कंसांच्या साच्यात, कसं लिहायचं त्याची माहिती.

यार्क्को: माहिती? पोथी होती ती! त्यानंतर तिचं नाव तरी ऐकलंस? तिला चूक दुरुस्त करायची होती, बाई, पदवी नव्हती घ्यायची. मार्कडाउनच्या साध्या खुणांत असतं तर जेवणाच्या सुट्टीत करून टाकलं असतं तिने. मथळ्याच्या आधी एक खूण, ठळक करायचं तर दोन-दोन चांदण्या. झालं.

केर्टू: मला कळत नाही असं नाही रे. मांडीवर पोर घेऊन एका हाताने कंस टाइप करते मी; तेवढंच असतं तर तुझ्याआधी मीच मत दिलं असतं.

यार्क्को: मग घोडं अडलंय कुठे?

केर्टू: अडलंय ते असं, की हा सुट्टीतले फोटो रंगवायचा प्रोग्राम नाही. पोराच्या दंडावरचा सेन्सर साखर सांगतो, कमरेचा पंप इन्सुलिन सोडतो, आणि किती सोडायचं ते मध्ये बसून आपला हा 'वाका' प्रोग्राम ठरवतो. जुन्या साच्यात धोक्यासाठी वेगळी चौकट आहे. ती एकदाच लिहायची, एका फाइलीत, आणि लागेल त्या पानावर एका ओळीने बोलवून घ्यायची. मार्कडाउनला धोका म्हणजे काय हेच ठाऊक नाही.

यार्क्को: ठळक अक्षर ठाऊक आहे त्याला. धोका ठळक लिही.

केर्टू: 'येथे दाबा' पण ठळकच असतं, यार्क्को.

यार्क्को: बरं, तो गोड पुल्ला पाव तरी खा, कधीचा हातात धरून बसलीयस. हे बघ, भांडण नको. मी सगळी पानं मार्कडाउनमध्ये आणून मांडलीच आहेत. डोळ्यांनी बघ, मग बोल.

केर्टू: आणलीस? मतदानाच्या आधी?

यार्क्को: नुसती बघायला गं. चाचणीच्या पत्त्यावर ठेवलीत. सुट्ट्या संपल्यापासून आहेत तिथे. तू बाळंतपणात होतीस, म्हटलं कशाला त्रास द्या.

केर्टू: एवढी सगळी हाताने बदललीस?

यार्क्को: मला काय वेड लागलंय? रूपांतराचा प्रोग्राम लिहिला, एका दुपारी. आधी नुसता कटकट करायचा. 'हे काय ते कळत नाही', 'ते काय ते कळत नाही', की बसला अडून. माझ्या सासूसारखा. शेवटी सांगितलं त्याला, ओळखू येत नाही ते सोडून दे आणि पुढे चल. मग काय पळाला!

केर्टू: लॅपटॉप इकडे कर.

यार्क्को: अगं, कौतुक तरी कर.

केर्टू: करते. 'सुरुवात' हे पान उघड आधी… अरे वा. किती हलकं दिसतंय. फोनवर पण असंच दिसतं?

यार्क्को: फोनवर तर जास्तच छान. म्हटलं नव्हतं मी?

केर्टू: 'सेन्सर लावा. पंप जोडा. वजन भरा.' हं. 'नवा सेन्सर पहिल्या दिवशी उगाच कमी साखर दाखवून वाजू शकतो, घाबरून जाऊ नका.' …यार्क्को, पुढचं कुठे गेलं?

यार्क्को: हे काय खाली. 'सुरू करा हे बटण दाबा.'

केर्टू: नाही. घाबरून जाऊ नका आणि बटण दाबा, यांच्यामध्ये. तिथे माझी चौकट होती.

यार्क्को: कुठली चौकट?

केर्टू: लहान मुलांची. मी पाठ म्हणून दाखवू? 'मूल लहान असेल तर थांबा. वाका मोठ्या माणसाची कमाल मात्रा धरून चालतो. सुरू करण्याआधी ती कमी करा. आणि गजर वाजला तर बोट टोचून साखर बघितल्याशिवाय तो बंद करू नका.' आमचा मोठा, ओत्सो, पाळणाघरात वाळूत निपचित पडलेला सापडला होता ना, त्या आठवड्यात लिहिली मी ती.

यार्क्को: मला माहीत आहे. पण ती… थांब, मूळ फाइल बघू दे. मूळ पानावर ती नाहीच आहे. इथे नुसती एक ओळ आहे, 'अमुक फाइल इथे आण' अशी.

केर्टू: तीच. तीच ओळ चौकटीला बोलवते.

यार्क्को: आणि माझ्या प्रोग्रामला ती ओळ…

केर्टू: ओळखू आली नाही.

यार्क्को: म्हणजे त्याने सोडून दिली.

केर्टू: अशा चौकटी किती पानांवर आहेत, माहीत आहे? प्रवासाचं पान बघ. तापाचं बघ.

यार्क्को: …नाही. इथेही नाही. कुठेच नाही, केर्टू. एकही नाही.

केर्टू: आणि कुणाच्या लक्षात आलं नाही?

यार्क्को: कसं येणार? पान छान दिसतंय. कुठे भोक नाही, कुठे तुटलेलं नाही. आपल्यासारख्यांना चौकटी पाठ आहेत, आपण नजर फिरवतो आणि पुढे जातो. नव्या माणसाला इथे काही होतं हेच कळणार नाही. असं तोंड करू नकोस ना. चाचणीचं पान आहे. पत्ता आपल्या सातआठ जणांनाच माहीत आहे.

केर्टू: इंटरनेटवर शोधून बघ.

यार्क्को: काय शोधू?

केर्टू: परकं माणूस शोधेल तसं. 'वाका कसा सुरू करायचा'.

यार्क्को: टाकलं.

केर्टू: काय आलं?

यार्क्को: आपलंच पान.

केर्टू: जुनं की नवं?

यार्क्को: नवं वर आहे. जुनं खाली गेलंय.

केर्टू: पाडून टाक ते. आत्ताच्या आत्ता.

यार्क्को: पाडतोच आहे… केर्टू.

केर्टू: पडलं?

यार्क्को: ते नाही. चर्चेच्या पानावर काल एकाने विचारलं होतं. आरत्तू म्हणून कुणी. नवा माणूस.

केर्टू: काय विचारलं होतं?

यार्क्को: वाचून दाखवतो. 'माझी मुलगी चार वर्षांची आहे. एवढ्या लहान मुलासाठी काही वेगळं करावं लागतं का?'

केर्टू: कुणी उत्तर दिलं?

यार्क्को: मी.

केर्टू: काय लिहिलंस?

यार्क्को: 'पानावर आहे तसं करा, सगळं पानावर आहे.' …वर हसरा चेहरा टाकलाय. होतं ना गं ते पानावर! मला वाटलं, तुझी चौकट वाचेल तो!

केर्टू: त्याचं काही आलं त्यावर?

यार्क्को: 'आभार! सकाळी लावतो.' आजची सकाळ.

केर्टू: त्याला लिही. नको, लिहू नकोस, फोन कर. नंबर आहे का?

यार्क्को: चर्चेच्या पानावर कोण नंबर… आहे! सहीखाली दुकानाचा आहे. 'बोटींची इंजिनं दुरुस्त करून मिळतील, राहे गाव.'

केर्टू: लाव. आण इकडे, मी बोलते.

(फोन स्पीकरवर. बराच वेळ वाजत राहतो.)

आरत्तू: इंजिनाचं असेल तर उद्या करा. आज दुकान बंद आहे, मी मागे घरात आहे.

केर्टू: आरत्तू? मी केर्टू, ओउलूहून. वाकाची माहितीपानं लिहिते मी. तुम्ही आज मुलीला लावलात का तो?

आरत्तू: अरे! तुम्ही लोक फोनसुद्धा करता? कमाल आहे. हो हो, लावला की. सकाळीच. बायको कामावर आहे, म्हटलं एकट्याला जमतंय का बघू. जमलं! फार सोपं लिहिलंय तुम्ही, बरं का. मी इंजिनवाला माणूस, मला वाचायचा कंटाळा, पण दोन वेळा वाचलं.

केर्टू: मुलगी कुठे आहे?

आरत्तू: विल्या? झोपलीय.

केर्टू: कधीपासून?

आरत्तू: जेवायच्या आधीच झोपली आज. अहो, एरवी दुपारी झोपायचं म्हणजे दंगा असतो नुसता. आज आपणहून येऊन सोफ्यावर आडवी झाली. घाम आला होता जरा, म्हणून लोकरीचा स्वेटर काढला तिचा. इतकी शांत झोपलीय, हात लावावासा वाटत नाही.

केर्टू: गजर वाजला नाही?

आरत्तू: वाजला ना, तीनचार वेळा. पहिल्या दिवशी उगाच वाजतो, घाबरून जाऊ नका, असं लिहिलंय ना तुम्ही. तिची झोप मोडेल म्हणून आवाज बंद केला.

केर्टू: आरत्तू, नीट ऐका. फोन ठेवू नका, बरोबर घेऊन जा. आधी तिच्या पंपाची नळी सोडवा. तिला उठवायच्या आधी, आत्ता.

आरत्तू: का? काय झालं?

केर्टू: सोडवलीत?

आरत्तू: थांबा… हो. निघाली.

केर्टू: आता तिला उठवा.

आरत्तू: विल्या. विल्या, राणी, उठ. …अंग गार लागतंय. ओलं. विल्या! अहो, ही उठत नाहीये.

केर्टू: यार्क्को, एकशेबाराला लाव. राहे गाव, दुकानाचा पत्ता दे, चार वर्षांची मुलगी, साखर उतरलीय. आरत्तू, गाडी निघतेय तुमच्याकडे. पाणी, ज्यूस, काही तोंडात घालू नका अजून. इस्पितळाने दिलेलं तातडीचं इंजेक्शन आहे ना घरात? नारिंगी डबीतलं?

आरत्तू: फ्रिजमध्ये… हो. आहे. काढलं.

केर्टू: उघडा ती. मिसळायचं आहे का टोचायची तयार कांडी आहे?

आरत्तू: मिसळायचं.

केर्टू: सुईतलं पाणी पावडरीच्या बाटलीत सोडा, हलवा, परत सुईत ओढा. तिच्या वजनाला किती, ते डबीच्या झाकणावर लिहिलंय. मांडीच्या बाहेरच्या बाजूला. कपड्यावरून चालेल.

आरत्तू: …दिलं.

केर्टू: कुशीवर वळवा तिला. श्वास बघा.

आरत्तू: चालू आहे. चालू आहे श्वास.

यार्क्को: गाडी निघाली, केर्टू. जवळच आहे म्हणतायत.

केर्टू: ऐकलंत? आता बोलत राहा तिच्याशी. काहीही बोला.

आरत्तू: विल्या, बाबा आहे गं. उन्हाळ्यात बोटीतून जायचंय ना आपण बेटावर? तूच वल्हवणार होतीस ना? अगं, मला तर येतसुद्धा नाही नीट… डोळे. अहो, डोळे उघडले तिने! बघतेय. माझ्याकडे बघतेय, पण ओळखत नाहीये.

केर्टू: ओळखेल. थोडा वेळ लागतो. ओत्सोलाही लागला होता.

आरत्तू: रडायला लागली.

केर्टू: रडू दे. रडणं चांगलं.

आरत्तू: मी दोन वेळा वाचलं होतं हो. हे कुठे लिहिलं होतं? कुठल्या ओळीत होतं? माझ्या नजरेतून सुटलं का?

केर्टू: नाही. तुमच्या नजरेतून काही सुटलं नाही. पानावर नव्हतंच ते. आमच्या हातून गेलं होतं.

आरत्तू: दार वाजतंय. गाडीवाले आले. जातो मी.

केर्टू: जा. संध्याकाळी इस्पितळातून मला कळवा. जा, जा.

यार्क्को: ठेवला त्याने?

केर्टू: ठेवला.

यार्क्को: केर्टू, मी…

केर्टू: आत्ता नको. पान पडलं?

यार्क्को: पडलं. तिथे आता जुनंच उघडतं, चौकटींसकट. संध्याकाळचं मतदान रद्द म्हणून कळवतो. डॉकबुकच राहू दे. माझं चुकलं.

केर्टू: त्या नर्सचंही काही चुकलं नव्हतं, यार्क्को. मतदान नंतर बघू. मला आधी सांग, सुट्ट्यांपासून आजपर्यंत ते पान किती जणांनी उघडलं?

यार्क्को: ते कसं सांगू?

केर्टू: नोंद असेल ना.

यार्क्को: आपण नोंद ठेवत नाही. कुठल्या घरातल्या पोराला कुठला आजार आहे, ते कोण काय वाचतं यावरून कुणाला कळता कामा नये. ठरावच आहे तसा आपला.

केर्टू: हो. मीच मांडला होता.

यार्क्को: सगळ्या चर्चेच्या पानांवर लिहितो. मोठ्या अक्षरात, अगदी वर.

केर्टू: लिही. माझा नंबरही दे. पण आरत्तूने विचारलं म्हणून आपल्याला तो सापडला. ज्याला पान सोपं वाटलं तो कशाला चर्चेत येईल? वाचलं, लावलं, कामाला लागला.

यार्क्को: मग आता करायचं काय?

केर्टू: लिही तू. लवकर लिही. दुपारच्या झोपेची वेळ आहे. आत्ता सगळीकडे मुलं झोपलेली असतील.